सौम्याला मागे टाकल्याच्या नोंदी

५ जानेवारी, रविवार. दुपारी १.१०

अपमान. सगळ्यांसमोर. देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळ, हातात इडली असताना.

मराठी मंडळाच्या सायकल ग्रुपची हंपी टूर ठरली. २४ ते २६ जानेवारी, तीन दिवस, साडेतीनशे किलोमीटर. सगळ्यात पुढे राहून रस्ता कोण दाखवणार असा विषय निघाला. मी चटणी पुसली आणि नम्र चेहरा तयार ठेवला. आठ महिने दर रविवारी येतोय मी, हेब्बाळ ते देवनहळ्ळी. एकही रविवार चुकवलेला नाही (गणपती, सासुरवाडी, पाठ आणि ऑफिसचं रिलीज सोडून). आणि रविकिरणने नाव कुणाचं घ्यावं? प्रणीतचं! चोवीस वर्षांचा आहे. अजून दाढी धड येत नाही त्याला.

वर माझ्याकडे वळून म्हणतो, फत्तेअण्णा, तुम्ही स्वल्प आरामात या, घाई काय आहे.

रविकिरण म्हणजे ग्रुपचा लीडर. घराणं तीनशे वर्षं इथलं, मराठीत निम्मं कन्नड. मी फत्तेसिंग, साताऱ्याचा, व्हाया पुणे. आमच्याकडे 'आरामात या' पाहुण्यांना म्हणतात, नाहीतर पेशंटला.

सूड घेणार. कसा ते उद्या.

ता. क. आजही सौम्याला मागे टाकलं. लागोपाठ किती रविवार झाले, मोजायचं सोडून दिलंय.

६ जानेवारी, सोमवार. ऑफिस. स्टँडअप मीटिंग चालू

सुडाचा विचार. राजीनामा द्यावा का? पण व्हॉट्सॲपवर नुसतं 'left' दिसतं. मागे एकजण सोडून गेले तेव्हा कुणी का म्हणून विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

ठरलं. हंपीला रविकिरणच्या आधी पोचायचं. नुसतं आधी नाही. माझी आंघोळ, चहा सगळं उरकलेलं पाहिजे. तो घामाघूम होऊन येईल तेव्हा मी खुर्चीत बसून म्हणणार, रविअण्णा, आरामात या. हे वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. बायकोने, सुचेताने, बाहेरून विचारलं, कोण आलंय?

उद्यापासून साडेचारला उठणे. रोज चाळीस किलोमीटर.

७ जानेवारी

उठलो होतो. बेळ्ळंदूर तलावाचा वास फारच होता. फुफ्फुसं ही सायकलपटूची पुंजी आहे. झोपलो.

९ जानेवारी, सकाळी ६.३०

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सहा फेऱ्या. सातव्या फेरीला वॉचमन नागनाथने थांबवून विचारलं, सर, कुछ खो गया क्या? लय तुटली. बंद केलं.

१२ जानेवारी, रविवार

सूड, पहिला हप्ता. सगळे इडली खात होते. मी हात धुवायच्या निमित्ताने उठलो आणि रविकिरणच्या मागच्या चाकाची ट्यूब पिनेने टोचली. मन शांत होतं. असं चाळीस वर्षांत वाटलं नव्हतं.

निष्पत्ती: चाक बसलेलं पाहून सौम्या पुढे झाली. पंप काढला, ट्यूब काढली, पाच मिनिटांत बदलून मोकळी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रविकिरण म्हणाला, देवाची कृपा, हायवेवर नाही झालं, आणि त्या आनंदात सगळ्यांना वडे सांगितले. चाक धरून उभा मी. ग्रीस अजून जात नाही.

या सौम्याबद्दल एकदा लिहून ठेवतो. वय एकोणतीस. बसवनगुडीत शाळेत पी.टी. शिकवते. मला काका म्हणते (सत्तेचाळीस म्हणजे काका?). बरोबर दोन ट्यूबा, पंप, मलमपट्टी, ग्लुकोज, कायकाय घेऊन फिरते. म्हणूनच मागे पडते. मी एकदा स्पष्ट सांगितलं, वजन कमी कर, वेग आपोआप येईल. हो काका, म्हणाली. मुलगी नम्र आहे. काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने गेली होती असं ग्रुपमध्ये बोलतात. मध्ये कुठेतरी ट्रेन घेतली असणार. आजही माझ्या मागेच होती.

१६ जानेवारी, गुरुवार

टूरची यादी आली. जोड्या पाडल्यात. माझ्या नावापुढे: सौम्या.

म्हणजे बघा. प्रणीतच्या हाती झेंडा आणि माझ्या गळ्यात लोढणं. सगळ्यात हळू चालवणारी मुलगी माझ्यावर ढकलली, म्हणजे रविकिरणच्या आधी पोचायचा प्रश्नच मिटला. डाव आहे हा. थंड डोक्याने रचलेला. सुचेताला यादी दाखवली. ती म्हणाली, बरं झालं बाई, मला काळजी नाही. हिलाही कळत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळ

तयारी पूर्ण. नवी पिवळी जर्सी घेतली. पोटाला थोडी घट्ट आहे, पण स्पीडने जाताना कापड घट्टच हवं.

सौम्या सामानाची पिशवी घ्यायला घरी येऊन गेली. सुचेताने तिच्या हातात एक छोटा बटवा दिला आणि दोघी दारात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. बायकांचं काहीतरी. मी लक्ष दिलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार. सिरा, लॉज. संध्याकाळी ६

पहाटे पाचला यशवंतपूरहून निघालो. पहिले चार किलोमीटर मी रविकिरणच्या बरोबरीने होतो. मग त्याने विश्वासघाताने वेग वाढवला.

पुढचा सगळा दिवस सौम्यापायी गेला. दर आठ-दहा किलोमीटरला मला थांबावं लागे. मी थांबलो की तीही थांबे. एकदा विचारलं, दमलीस का? ती म्हणाली, हो काका, तुम्हीपण घोटभर पाणी घ्या. तुमकूरनंतर तर मी तिच्यासाठी दोनदा झाडाखाली आडवा झालो. एकशेवीस किलोमीटर, पाच वाजता सिरा. बाकीचे दीडला पोचून जेवून झोपूनही उठले होते. अशा घाईनेच माणसांचे गुडघे जातात.

माझे गुडघे फार दुखतायत.

पोचल्यावर रविकिरण खांद्यावर हात ठेवून म्हणाला, कसं काय फत्तेअण्णा, सगळं सरी ना? सौम्या आहे म्हणून मला टेन्शनच नाही.

टेन्शन नाही म्हणे. असणारच कसं, ओझं माझ्या डोक्यावर देऊन मोकळा झालाय तो. तेव्हाच मनात वीज चमकली. लीडर कोण? रविकिरण. टूरमध्ये माणूस हरवलं तर तोंड कुणाचं काळं होणार? रविकिरणचं.

उद्या सौम्याला वाटेत टाकणार. तिचं वाईट वाटतं. पण युद्धात असं होतं.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी ६.२०. सिरा सोडलं. आज फक्त चित्रदुर्गपर्यंत, पंचाऐंशी किलोमीटर.

७.४५. पहिला प्रयत्न. उतारावर सगळा जोर लावला. चारशे मीटर! मागे वळून पाहिलं तर सौम्या दोन हातांवर. केळं सोलत होती.

९.१५. दुसरा प्रयत्न. तेच. आता ती गुणगुणत होती.

१०.४०. हिरियूरच्या पुढे. जमलं! तिला रविकिरणचा फोन आला म्हणून ती बाजूला थांबली. मी वळण घेतलं आणि एका बंद ढाब्याच्या मागे सायकल घातली. फोनही बंद करून टाकला. भिंतीआडून पाहत होतो. गेली! समोर चढ होता, उभी राहून पॅडल मारत होती. दोन मिनिटांत ठिपका झाली. घाबरली असणार, म्हणून एवढा वेग.

खुदकन हसू आलं. एकट्याला.

११.०५. मागचं चाक बसलं. ढाब्यामागे बाभळीचे काटे. पंप सौम्याकडे. ट्यूब सौम्याकडे. पाणीही तिच्याकडेच.

११.३०. भिंतीआडच बसलोय. फोन सुरू करणार नाही. केला तर सूड अर्धवट राहील.

१२.४५. ऊन. तीन ट्रकवाल्यांना हात केला. पिवळ्या जर्सीमुळे मी टोलवाला वाटतो की काय, वेग वाढवून जातात.

१.५०. कांद्याच्या टेम्पोत मागे बसून लिहितोय. ड्रायव्हर कन्नडमध्ये काहीतरी विचारत होता, मी चित्रदुर्ग, चित्रदुर्ग म्हणत राहिलो.

२५ जानेवारी. चित्रदुर्ग, लॉज. संध्याकाळी ६.३०

अडीचला पोचलो. रविकिरणच्या आधी पोचलो का, हे पाहायला वर गेलो तर खोल्या रिकाम्या. खाली जेवणाची ताटं वाढून ठेवलेली, कुणी हात लावलेला नाही. सगळे मला शोधायला गेले होते. बाहेर आलो तर रविकिरण पलीकडच्या कोपऱ्यावर एकटा उभा होता, दोन्ही हातांत फोन. मी दिसताच तो रस्त्याच्या कडेला बसला. मग सगळ्यांना फोन लावायला लागला, सापडले, सापडले म्हणत. सौम्याचा तेवढा लागेना. मला वाटलं होतं त्याचा चेहरा पडलेला बघून मजा येईल. तसं काही झालं नाही.

मी सांगितलं की पंक्चर झालं. ते खरंच आहे.

सौम्या पावणेपाचला आली. लंगडत, सायकल हातात धरून. मी पुढे दिसेना म्हणून ती पुढे गेली, मग परत हिरियूरला गेली, मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे. साठ किलोमीटर जास्तीचे. सरकारी दवाखान्यात जाऊन विचारून आली, पिवळी जर्सी घातलेले कुणी काका आणलेत का. सर्व्हिस रोडवर खडीवरून घसरली. गुडघा फुटलाय. मला पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसून रडली. लहान मुलांसारखी, मोठ्याने. काका, मला वाटलं तुम्हाला ट्रकने, एवढंच म्हणाली.

प्रणीतने तिला पाणी दिलं. मी जागचा हललो नाही.

नंतर रविकिरणने मला बाजूला घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी ओरडायची तयारी करून ठेवली होती. तो हळू म्हणाला, अण्णा, आमच्यात एक पद्धत आहे. जो सगळ्यात शेवटी असतो त्याला, तू शेवटी आहेस असं कधी सांगायचं नाही. त्याच्या मागे एकाला ठेवायचं. ग्रुपमधला सगळ्यात ताकदीचा असतो त्याला. म्हणजे शेवटच्याला वाटतं, आपल्या मागे कुणीतरी आहे.

मी विचारलं, मग मी कितवा?

तो म्हणाला, जेवून घ्या अण्णा.

त्यानंतर मी राइडच्या वेळा नोंदवणारं ॲप उघडून बसलोय. मे महिन्यापासूनचे सगळे रविवार. सत्तावीस. फत्तेसिंग, त्याच्याखाली सौम्या. फरक एक सेकंद. फरक दोन सेकंद. एक सेकंद. एक सेकंद. एकदा अकरा सेकंद आहे, तेव्हा माझी टोपी उडाली होती आणि ती घ्यायला ती थांबली होती.

सत्तावीस वेळा मी वहीत लिहिलंय, सौम्याला मागे टाकलं.

२६ जानेवारी, रविवार. होस्पेट

डॉक्टरने सौम्याला सायकल चालवायला मनाई केली. ती सामानाच्या टेम्पोत. माझंही चाक वाकलेलं निघालं, मीही टेम्पोत. एकशेपस्तीस किलोमीटर, दोघं समोरासमोर, मध्ये बॅगा. मी कांद्याचा भाव काय असेल, यावर एकदा बोलून पाहिलं.

बाहेर प्रणीत दिसला, मग रविकिरण, मग बाकीचे. ती मान वळवून प्रत्येकाकडे बघत होती. हंपीत सायकलने शिरायचं म्हणून ती वर्षभर सुट्ट्या साठवत होती, हे ड्रायव्हर आप्पाजीने मला सांगितलं. तिने नाही.

नऊ वाजता तिने बटवा उघडला आणि माझी बीपीची गोळी पुढे केली. बाटलीचं झाकणही उघडून दिलं.

मी सॉरी म्हणणार होतो. घसा कोरडा होता म्हणून आधी पाणी प्यायलो, आणि मग वेळ निघून गेली.

३० जानेवारी, गुरुवार

मेसेज टाइप केला: सौम्या, त्या दिवशी पंक्चरचं जे झालं. खोडलं. पुन्हा लिहिलं: सौम्या, मी लपलो होतो. पाठवला. लगेच 'Delete for everyone' शोधू लागलो, तोवर दोन निळ्या खुणा.

उत्तर अर्ध्या तासाने आलं. माहीत आहे काका, तुमच्या सायकलच्या खुणा ढाब्यामागे दिसल्या होत्या.

तिने कुणाला सांगितलेलं नाही. रविकिरणलाही नाही. याचा राग येतोय मला. सांगितलं असतं तर भांडता आलं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.३०

जाणार नव्हतो. सुचेताने पाचला उठवून बसवलं.

हेब्बाळला सगळे होते. सौम्या अजून तीन आठवडे येणार नाही. मी मनाशी ठरवलं की आज मागे वळून बघायचं नाही. विमानतळाच्या फाट्यापर्यंत बघितलं नाही. मग बघितलं.

मागे रविकिरण होता. पाठीवर पंप, हँडलला दोन ट्यूबा. माझी नजर गेली तसा तो आकाशाकडे बघायला लागला, जणू ढगांचा अभ्यास चाललाय. मी थांबलो, तो थांबला. मी पाणी प्यायलो, तो प्यायला.

देवनहळ्ळीला पोचलो. ॲपमध्ये आलंय: फत्तेसिंग, त्याच्याखाली रविकिरण. फरक एक सेकंद.

घरी आलो. सुचेताने विचारलं, कशी झाली राइड? म्हणालो, आज रविकिरण माझ्या मागे होता, सबंध रस्ता.

बिचारा, म्हणाली.