दादाच्या फोटोंचे कीवर्ड

२ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून काम सुरू. एकूण फोटो ६,२१४. तीन मोबाइल, दोन कॉम्प्युटर आणि बुटांच्या खोक्यातले जुने, मुलीने स्कॅन करून दिलेले. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही, आणि घरात हा गोंधळ! प्रत्येक फोटोला कीवर्ड लावणार : कोण, कुठे, कोणतं साल. ३१ जानेवारीला काम खलास.
काल दादाचा फोन होता. म्हणाला, लेबल्या, आपला सायकलवरचा फोटो घेऊन ये, तुला पुढे दांडीवर बसवलंय तो. लहानपणापासून लेबल्याच म्हणतो. मी म्हटलं, एक कशाला, सगळंच आणतो, जरा शिस्तीत लावू दे. त्याच्या घरी आता ऑक्सिजनचं मशीन आणलंय. चांगलं असतं म्हणे ते.

५ जानेवारी
तीन दिवस कीवर्डची यादीच करतोय. नाती, मग सख्खी, चुलत, नुसतीच ओळखीची. त्याशिवाय ‘माझं टक्कल, सुरुवात’ आणि ‘माझं टक्कल, पूर्ण’. ‘चुकून निघालेलं बोट’ या नावाखाली आत्ताच ४१ फोटो.
मुलीने फोनवर एक लाखमोलाची गोष्ट सांगितली. कीवर्ड नुसते प्रोग्रामात ठेवले तर प्रोग्राम बदलला की सगळं पाण्यात. फाइलच्या आतच लिहायचे. तशी खूण केली. आता फोटो चंद्रावर पाठवा, शब्द त्याच्याबरोबर जाणार. हे लोकांना माहीत नसतं.
काकाकडे जाऊन आलात का, असंही तिने विचारलं. म्हटलं, आधी सिस्टीम.

११ जानेवारी
६४० झाले. ज्यांचं साल पक्कं नाही त्यांना बाकी काही न लिहिता एकच नवा कीवर्ड : ‘नंतर बघू’. स्टोअरमध्येही असा एक रॅक होता, वादातल्या मालाचा. सध्या ३८ फोटो. सगळे दादाचेच निघाले. त्याची सालं त्यालाच ठाऊक.
हिचं म्हणणं, मग त्यालाच विचारा ना, बसने अर्धा तास लागतो. बायकोला पद्धत म्हणून काही कळत नाही. दर फोटोला उठून बसस्टॉपवर जायचं का?

१९ जानेवारी
मेहुण्याच्या गाडीचे २१२ फोटो. सगळे गाडी उभी असतानाचे. दिवस गेला.
‘नंतर बघू’ ११७.
वहिनींचा फोन. दादा जिना उतरत नाही आता. विचारत होत्या, भाऊजी, कधी येताय. महिनाअखेरीस नक्की, म्हटलं. मागून दादा काहीतरी म्हणाला, मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही. वहिनींनी सांगितलं, म्हणतात, अर्धवट असलं तरी आण.
अर्धवट कसं न्यायचं? मी आयुष्यात अर्धवट माल गेटबाहेर सोडलेला नाही.

३१ जानेवारी
नवी तारीख १५ फेब्रुवारी. कारणं रास्त आहेत : (१) मान आखडली, (२) गाडी.
आज दादाचा एक फोटो लागला. पोहण्याच्या तलावावर, छाती पुढे काढून उभा. मला त्याच दिवशी पाण्यात ढकललं होतं आणि मग स्वतःच बाहेर काढलं होतं. ती छाती बराच वेळ बघत बसलो. साल आठवेना. ‘नंतर बघू’. मग फॅन साफ केला.

८ फेब्रुवारी
आज गेलो होतो. गेलो नाही असं म्हणायची आता कोणाची हिंमत नाही. लॅपटॉप घेतला, बस पकडली, थेट दादाच्या इमारतीच्या गेटपर्यंत. तिथे दोन माणसं ऑक्सिजनचा सिलिंडर वर चढवत होती. विचारलं कोणाकडे, तर तिसऱ्या मजल्यावर. दादाकडेच.
तेवढ्यात लक्षात आलं, चार्जर घरी राहिला. परत आलो. वहिनींकडे चार्जर आहे, पण पिन वेगळी असली तर काय घ्या.
हिला सांगितलं, दादा झोपला होता.

१४ फेब्रुवारी
दादाचा फोन. दोन शब्द, मग दम, मग दोन शब्द. म्हणाला, सालं मी सांगतो, तू ये तर. मी म्हटलं, फक्त आठशे उरलेत रे. तो हसायला गेला आणि खोकला आला. वहिनींनी फोन घेतला.
उद्या जातो. उद्या रविवार, बस कमी असतात. सोमवारी.

१६ फेब्रुवारी
सकाळी नऊला दादा गेला.
मी मोजे घालत होतो.

२७ फेब्रुवारी
पुतण्याने फोन केला, काका, फ्रेमसाठी बाबांचा चांगला फोटो द्या, तुमच्याकडे सगळं लावलेलं आहे ना. म्हटलं, दोन सेकंदांत देतो. ‘दादा’ टाइप केलं. दोन सेकंदांत उत्तर आलं : एकही फोटो नाही.
‘नंतर बघू’ उघडलं. ४०३. सगळीकडे दादा. दुसऱ्या कोणाचा एकही नाही. साल येत होतं अशातलेही कितीतरी. माझ्या स्वतःच्या लग्नातलासुद्धा, आणि माझ्या लग्नाचं साल मला पाठ आहे. कोणाला फसवत होतो मी?
सायकलचाही त्यातच होता. सगळे पेनड्राइव्हवर टाकून पुतण्याला दिले.

८ मार्च
वहिनींकडे गेलो. आज चार्जर आठवणीने घेतला.
पेनड्राइव्ह टीव्हीला लावून त्या रोज संध्याकाळी फोटो बघतात. त्यांच्या टीव्हीवर फोटोखाली माहितीची पट्टी येते. कीवर्ड शाबूत, एकही सांडला नाही. दादा तलावावर : नंतर बघू. दादा माझ्या लग्नात, फेटा कानावर आलेला : नंतर बघू. चारशे तीन वेळा.
वहिनींनी विचारलं, भाऊजी, हे काय लिहून येतं? प्रोग्रामचं आहे, म्हटलं. त्या बरं म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. खोटं आहे वहिनी, मीच लिहिलंय, मला भीती वाटत होती त्याला तसं बघायची, असं एका दमात बोलून टाकलं आणि रडलो. त्यांनी पाणी आणून दिलं.
मग तिथेच बसून एकेकावरचं पुसलं. वहिनी त्यांना माहीत असलेली सालं सांगत होत्या. शेवटी सायकल. हे मी येण्याआधीचं, म्हणाल्या. ह्यांना विचारलं होतं मी, पण सांगितलं नाही. म्हणाले, तो आला की त्यालाच सांगेन.
सालाचा रकाना रिकामा ठेवून फाइल बंद केली.