शेजारची जागा

उधवा, ता. तलासरी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. प्राजक्ता हिस,
सुषमाफुईचे अ. उ. आ. वि. वि.

चैत्या सकाळी जीप घेऊन आला आणि अंगणातच हातवारे करायला लागला. माझ्या कानांत आता काही उरलेलं नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, तरी लोक आधी ओरडूनच बघतात. शेवटी मी पाटी पुढे केली, तेव्हा त्याने लिहिलं की सुदामकाकांना विमानाने आसामला नेणार आहेत. माझ्या सख्ख्या भावाची बातमी मला जीपवाल्याकडून कळावी याचा राग आला आहे. तो आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

अमृतकडे नेताय हे बरंच झालं. मुलगा आहे, सून दिवसभर घरी असते. पण सुदामचं हे विसरणं मी तुझ्याआधी सोसलं आहे गं. मागच्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी वलसाडला राहिले, आठवडाभरसुद्धा नाही, आणि परत कैनाडला त्याच्या घरी गेले तर त्याने मला खाट टाकून दिली, पाणी दिलं आणि मास्तरीणबाई कुठल्या शाळेवर असता असं विचारलं. त्याच्या ओठांवरून मला तेवढं कळलं. तेव्हापासून मी त्याची मास्तरीणबाईच आहे. माणूस डोळ्यांसमोरून हललं की ते त्याच्या मनातून निघून जातं. आता त्याच्यापाशी तू एकटी उरली आहेस. प्रवासात त्याच्या नजरेआड होऊ नकोस, एवढंच माझं सांगणं आहे.

आणखी एक. तू, रूपी आणि सुदाम म्हणजे तिघं होता. आपल्याकडे तिघं मिळून निघत नाहीत, हे तुझ्या आईने तुला शिकवलं असेलच. विमानवाल्यांना कळत नसलं तरी आपल्याला कळायला हवं.

दिपकरावांना आशीर्वाद, रूपीचा एक पापा. म्हातारीवर माया ठेव आणि बातमी वेळेवर दे.

तुझी
सुषमाफुई


मसोली, डहाणू
२५ ऑक्टोबर २०२४

ती. सुषमाफुईस,
प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

तू रागावलीस ते बरोबरच आहे. कळवायचं टाळत होते, कारण मग सगळंच कळवावं लागलं असतं. बाबा इथे आल्यापासून दोनदा मागच्या दाराने बाहेर पडले आणि सरळ रेल्वेच्या रुळांवर गेले. दुसऱ्या वेळी समोरून मेल येत होती. एका गँगमनने त्यांना ओढून बाजूला घेतलं. बाबा त्याच्यावरच चिडले. भात कापायला कैनाडला निघालोय, उगीच उशीर करतोस, असं त्याला म्हणत होते. मी दिवसभर दवाखान्यात, दिपक दुकानात. कडी लावून माणसाला किती दिवस कोंडायचं? अमृतच्या कंपनीच्या वसाहतीला भिंत आहे, फाटकावर माणूस आहे. म्हणून ठरवलं.

आगगाडीने न्यायचं तर बाबा कुठल्याही स्टेशनावर उतरून चालू लागतील. विमानातून मधेच उतरता येत नाही, असं दिपक म्हणाले आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

तिघांचं मी अगदी तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. डहाणू रोडला वर्षाचं ऑनलाइनचं दुकान आहे ना, तिथे ती तिघांचं एकत्र तिकीट काढणार होती. मी अडवलं. मी आणि रूपी एका तिकिटावर, बाबा दुसऱ्या, म्हणजे तिघं होतच नाही. वर्षालाही ते लगेच पटलं, तिच्या घरीही तिघांचं चालत नाही. पण आता वेगळंच निघालं. विमानात शेजारी बसायचं तर त्याचे निराळे पैसे भरावे लागतात, नाहीतर मशीन देईल ती जागा. रूपी लहान म्हणून तिला माझ्याजवळच देतील. बाबांचं तिकीट मात्र वेगळं, त्यामुळे ते आमचे कोणी लागतात हे त्या मशीनला माहीतच नाही.

दिपक म्हणतात, कशाला उगीच पैसे घालवतेस, आत गेल्यावर सांगितलं की लोक सरकतात, एसटीत नाही का सरकत. मलाही तसंच वाटतंय. तू काळजी करू नकोस.

वाघबारशीला यायला जमणार नाही, सणाचा नमस्कार इथूनच घे.

तुझीच
प्राजू


उधवा
३० ऑक्टोबर २०२४

चि. प्राजू,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. अगं, तिघांचा दोष उंबऱ्याला लागतो, तिकिटाला नाही! तिघं निघाले की अंगणातला एक खडा पिशवीत टाकायचा, तो चौथा होतो, झालं. एवढी शिकलीस, दवाखान्यात सुया टोचतेस, आणि बापालाच वेगळ्या कागदावर टाकून आलीस? चूक माझीही आहे. अर्धं सांगितलं आणि उरलेलं तुझ्या आईवर सोडलं. ती बिचारी असती तर विचारायला तरी गेली असतीस.

आता दिपकरावांचं ऐकू नकोस. जावई म्हणून ते गुणाचे आहेत, पण एसटीत सरकतात ती आपली माणसं असतात. पैसे भर आणि शेजारची जागा घे. तुला वाटेल फुई उगीच घाबरवते. म्हणून जे तुला कधी लिहिलं नव्हतं ते लिहिते. होळीच्या आधी तलासरीच्या बाजारात मी सुदामला एका दुकानाच्या पायरीवर बसवून मीठ घ्यायला गेले. परत आले तर पायरी रिकामी. तो एका भांडी विकणाऱ्या बाईची टोपली उचलून तिच्या मागोमाग चालला होता, अगदी आनंदात. ती बाई पायरीवर त्याच्या शेजारी टेकली होती, एवढंच. तिला तो घरचं माणूस समजत होता. मी हात धरला तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात सोडला. त्या बाईनेच समजूत घालून त्याला माझ्या घरापर्यंत आणून सोडलं.

त्याला एकटेपणाची भीती वाटत नाही, प्राजू. जो शेजारी असेल त्याचा तो होतो. मला भीती वाटते ती ह्याची.

पैसे भरलेस की लगेच कळव. तोवर माझा जीव थाऱ्यावर नसेल.

सुषमाफुई


मसोली
६ नोव्हेंबर २०२४

ती. फुईस,
सा. न. वि. वि.

पैसे भरले. तिघांना एका रांगेत अशी जागा शिल्लक होती ती फक्त संकटकाळी बाहेर पडायच्या दाराजवळ, आणि तिथे म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना बसू देत नाहीत. म्हणून मी आणि रूपी पुढे, आणि बाबा बरोब्बर माझ्या मागे. हात मागे केला तर त्यांच्या गुडघ्याला लागेल. वर्षाने दोन्ही तिकिटांच्या जागा पुन्हा पुन्हा तपासल्या. खडाही रूपीने कैनाडच्या अंगणातून आणून ठेवला आहे, तोही चांगला मुठीएवढा.

आता इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तुझ्यापासून काय लपवू?

रविवारी पडवीत आम्ही विमान मांडलं. पुढे दोन खुर्च्या, मागे एक. रूपी खिडकीशी, दिपक कंडक्टर. बाबांनाही मजा येत होती, त्यांनी तिकीट म्हणून चिकूचं पान दिलं. मग सगळे गप्प बसलो, खरंच प्रवास चालल्यासारखे. थोड्या वेळाने बाबांनी दिपकना खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं की पुढे बसलेली ती बाई कुठल्या गावची, तिच्याजवळ लेकरू आहे, तिला नीट उतरवा. मी झटकन वळले. त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि मला म्हणाले की प्राजू, तू कधी आलीस.

मी तिथेच होते, फुई. हातभर अंतरावर. माझी पाठ त्यांच्या ओळखीची नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी सगळा प्रवास मागे वळून बसेन. बुधवारी, तेरा तारखेला निघतो. मनातून भीती जात नाही, तरी आता माघार घेता येत नाही. काल पुन्हा ते मागच्या दाराची कडी हलवत होते.

आशीर्वाद पाठव. ह्या वेळी खरोखर लागणार आहेत.

प्राजू


उधवा
११ नोव्हेंबर २०२४

चि. प्राजू,
आशीर्वाद. वि. वि.

जाऊ नकोस. निदान ह्या वेळी, असं नको. तिकिटं बुडू देत. सुदामला माझ्याकडे आणून सोड. तुम्हा तिघांचं एक तिकीट आणि एक रांग मिळेपर्यंत मी त्याला सांभाळते. मला कडी वाजलेली ऐकू येणार नाही, पण मी दारात आडवी झोपेन, मला ओलांडल्याशिवाय त्याला जाता येणार नाही. मास्तरीणबाई म्हणून का होईना, तो माझं ऐकतो.

माझं तर गेलंच आहे. तुझं जाऊ नये असं वाटतं. तुला अजून कळत नाही आहे की आपल्याच माणसाने आपल्याला आदराने पाणी देणं म्हणजे काय असतं.

चैत्याची जीप उद्या डहाणूला येते आहे. त्याला सांगितलं आहे की चिठ्ठी हातात दे आणि उत्तर घेऊनच ये.

फुई


गुवाहाटी
२४ नोव्हेंबर २०२४

ती. सुषमाफुईस,
प्राजक्ताचा सा. न. वि. वि.

तुझी शेवटची चिठ्ठी दिपकना आम्हाला विमानतळावर सोडून परत आल्यावर जाळीच्या दाराला खोचलेली मिळाली. आम्ही आदल्या दिवशीच मुंबईला दिपकच्या बहिणीकडे मुक्कामाला गेलो होतो, चैत्याला घर बंद दिसलं. दिपकनी मला ती फोनवर वाचून दाखवली. वेळेवर मिळाली असती तर मी थांबले असते का, हे मला खरंच सांगता येत नाही.

विमानतळावर आमचं विमान बदललं. दुसरं लहान आणलं आणि त्यात आधीच्या जागा चालेनात. मी आणि रूपी पुढे, बाबा पार शेवटी. काउंटरवरच्या मुलीने जागेचे पैसे परत मिळतील असं सांगितलं. मी म्हटलं की पैसे नकोत, जागा दे. ती म्हणाली की आत बघतील.

आत मी रूपीला आमच्या जागेवर बसवलं, बाबांना मागे नेलं आणि हात जोडून विचारत सुटले. आमच्या शेजारच्याने मागे यायला आधीच नकार दिला होता. बाबांच्या शेजारची बाई लगेच उठायला तयार झाली. तिकडचीच होती, अंगावरच्या पांढऱ्या चादरीला लाल काठ, मराठीचा गंध नाही, पण सगळं समजली. पलीकडचा माणूस मात्र उठेना, त्याने खिडकीचे पैसे भरले होते. म्हणजे एकच जागा मोकळी होत होती. मला एकटीला तिथे बसता आलं असतं, फुई. आणि पुढे रूपी मोठमोठ्याने रडत होती, विमानातल्या मुली दार लावत होत्या आणि मला बसा बसा म्हणत होत्या. त्या बाईने स्वतःच्या छातीला हात लावला, बाबांकडे बोट केलं आणि मला लेकराकडे जा अशी खूण केली. मी गेले. बाबांना म्हटलं की आलेच. त्यांनी मान हलवली.

वर गेल्यावर विमान इतकं हलत होतं की उठायची परवानगी मिळेना. रूपीला उलट्या झाल्या. मी मान वळवून वळवून बघत होते, पण मधे सगळी डोकीच डोकी. शेवटी सुटले तेव्हा धावत मागे गेले. बाबा त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते आणि त्यांचा हात तिच्या हातात होता. किती दिवसांनी इतके शांत झोपलेले पाहिले. मला उठवायला धीर होईना. माझं तोंड दाखवायला हवं होतं, हाक मारायला हवी होती. मी त्यांच्या अंगावर शाल नीट केली आणि परत आले. ह्याबद्दल मला कितीही बोल, मी मुकाट ऐकेन.

उतरताना ते तिचाच हात धरून आले. मी दुसरा हात धरला तर तो त्यांनी हळूच सोडवून घेतला, वाटेत अनोळखी माणसाचा धक्का लागल्यावर आपण अंग चोरतो ना, तसा. मला म्हणाले की बाई, माझी मुलगी आहे माझ्यासोबत. ती बाई रडायला लागली. तिची माणसं बाहेर ताटकळली होती, तरी अमृतच्या गाडीपर्यंत ती आली आणि मग कशीबशी निघाली. त्या संध्याकाळी बाबा सारखे फाटकाकडे बघत होते.

आता ते बरे आहेत. संगितावहिनीच्या हातची भाकरी आवडते, अमृतला साहेब म्हणतात, अंगणात ऊन खात बसतात. इथे रूळ नाहीत. सगळे म्हणतात की बरं झालं, आणि ते खोटंही नाही. मी वाढायला गेले की ते सावरून बसतात आणि पुरे म्हणताना हात जोडतात. रोज सकाळी मी माझं नाव सांगते. ते खूश होतात. म्हणतात, माझ्या मुलीचंही तेच नाव आहे, मसोलीला असते, मला न्यायला येणार आहे.

कैनाडला त्यांनी तुला पाणी दिलं तेव्हा तू काय केलंस, हे मी तुला कधी विचारलंच नाही. परत आले की आधी तुझ्याकडे येते, पाटी घेऊन बसू.

हे मी विमानतळावर बसून लिहिते आहे. रूपी माझ्या मांडीवर झोपली आहे. सकाळी निघताना मी बाबांच्या पाया पडले. ते संकोचले, तरी दारापर्यंत पोचवायला आले. विचारलं की बाई, लेकराला घेऊन एकट्याच एवढ्या लांब निघालात, घरचं मोठं माणूस कोणी सोबत नाही का. मी सांगितलं की वडील आहेत, ते पुढे गेलेत. ते ऐकून त्यांना बरं वाटलं. म्हणाले की मग त्यांच्या शेजारचीच जागा धरा, म्हाताऱ्या माणसाला एकटं बसवू नये.

तुझी
प्राजू