ताणाच्या दिवसांतलं पाणी

तीर्थपुरी,
रविवार, ८ जून २०२५

प्रिय आक्का,

नऊ फेब्रुवारीला तुला पाठवलेल्या झाडाच्या पत्रात मी एक वाक्य चुकीचं लिहिलं होतं. आधी ते दुरुस्त करते, बाकीचं नंतर. मी लिहिलं होतं, 'गोरखचिंच पाण्यावाचून वाळली.' ती पाण्यावाचून वाळली नाही. ती बुंध्यापाशी कुजली, जास्त पाण्यानं कुजली, आणि ते पाणी दोन महिने मी माझ्या हातानं सोडत होते. मी असंही लिहिलं होतं की जवळ जाऊन पाहिलं. तेही खोटं आहे. पत्र लिहायच्या दिवशी मी बांधावरूनच पाहिलं होतं. बांधापासून झाड चाळीस पावलांवर आहे, हे तुला सांगायला नको.

तुझ्या लग्नानंतर झाडाची पत्रं मी लिहायला लागले तेव्हा नऊ वर्षांची होते आणि शाळेत माझं नावही नव्हतं. मेंढरं होती तोवर आपण एका गावात राहिलोच कुठे. आबांनी मला अक्षरं शिकवली ती तुला पत्र लिहिण्यासाठी. वर्षातून चार पत्रं, आणि त्यात झाडाशिवाय काही नाही. बुंध्याला मेंढरांचं दावं गुंडाळायचं, मग ते वितींनी मोजायचं आणि लिहायचं. पहिलं पान कुठल्या दिवशी फुटलं, शेवटचं कधी गळालं. एकदा मी 'साधारण सहा विती' लिहिलं तर आबांनी मला परत शेतात पाठवलं. म्हणाले, "साधारण म्हंजे तू मोजलं न्हाई. जा, मोजून ये." पुढे चौथीत बसवलं तेव्हा गुरुजी म्हणाले, ही पोरगी निबंध लिहीत नाही, पंचनामा लिहिते. आबांना त्याचा फार आनंद झाला होता.

म्हणून माझं ते एक वाक्य मला जास्त लागतं. पंधरा वर्षांत तुला माझ्या पत्रातल्या कुठल्याही आकड्याची शंका घ्यावी लागली नाही. परमेश्वरदादाला हे ठाऊक होतं. तो मला स्पष्ट म्हणाला, "तूच लिही. तुझ्या अक्षरातलं तिला बराबर पटतं. माझं ती बिलकुल ऐकायची न्हाई."

पण मी क्रमानं सांगते, नाहीतर कुठलं तरी सुटेल.

गेल्या कार्तिकात नेहमीसारखी पानं गळाली. एकवीस नोव्हेंबरला शेवटचं पान पडलं, तेही मी तुला कळवलं होतं. आबांचा नेम तुला माहीत आहे. पानं गळाली की अक्षय्य तृतीयेपर्यंत या झाडाला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. ते आफ्रिकेतलं, तिकडच्या कोरड्या रानातलं झाड. आपलं पाणी पोटात भरून घेतं आणि झोपतं. झोपलेल्याला पाजलं की ठसका लागतो, असं आबा म्हणायचे. ज्या दर्ग्यावरून त्यांनी ते फळ आणलं होतं तिथल्या मुजावरानं त्यांना एवढंच सांगितलं होतं, आणि बाकीचं ते बघत बघत शिकले. बी कठीण म्हणून शेळ्यांना खायला घालायचं आणि रवंथ करून त्यांनी टाकलेलं वेचून लावायचं, ही त्यांचीच युक्ती. तू तेरा वर्षांची होतीस. सात रोपं उगवली आणि एक जगलं. पहिली दोन वर्षं त्याला एकेकटीच पानं यायची, हाताच्या पंजासारखी पाच येत नव्हती, तेव्हा गावातले आबांना हसले, की दर्ग्यावरून काय आणलं, रुई आणली का. आबा म्हणाले, लहान आहे, अजून बोटं मोजता येत नाहीत त्याला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परमेश्वरदादानं मोसंबीच्या ठिबकची एक नळी लांबवून गोरखचिंचेच्या बुंध्याशी नेली. मला म्हणाला, "आबांचं झाड हाय. कसं उघडंबोडकं दिसून राह्यलं. तू रोज कॉक फिरवत जा, तुझा हात गुणाचा हाय." मला आबांचा नेम आठवला नाही, असं मी लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला तो आठवला. पण आबा गेल्यापासून दोन वर्षं दादानं त्या झाडाचं नाव नीट घेतलं नव्हतं. 'आक्काचा खांब' म्हणायचा. आणि आता तो स्वतः नळी ओढून आणत होता, मातीत गुडघे टेकून. मला वाटलं, त्याचं मन वळलं. ते वळलेलं मन मोडायला नको म्हणून मी गप्प बसले. रोज सकाळी कॉक उघडला, एक तासानं बंद केला. दोन महिने.

मला जे तेव्हा दिसायला हवं होतं ते मला मे महिन्यात दिसलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. डिसेंबर-जानेवारी म्हणजे मोसंबीला ताण द्यायचे दिवस. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा तर बागेचं पाणी तोडतात, हे आपल्याकडच्या पोराटोरांना कळतं. दादानं त्या दिवसांत पाचशे झाडांचं पाणी तोडलं होतं. म्हणजे मोटार चालत होती ती एका झाडासाठी. ज्याला मोसंबी केव्हा तहानेली ठेवायची ते दिवसावर कळतं, त्याला गोरखचिंचेचं कळत नव्हतं असं कोण म्हणेल? शिवाय तो पंधराएक वर्षांचा असताना ऐन पौषात त्यानं झाडाला बादलीभर पाणी घातलं होतं आणि आबांनी बादली हिसकून घेतली होती. ही गोष्ट तूच मला सांगितली आहेस.

जानेवारीच्या शेवटी बुंध्याचा पूर्वेकडचा भाग मऊ पडला. आंबूस वास यायला लागला, शिळ्या ताकासारखा. मी घाबरून दादाला सांगितलं. तो जाऊन आला आणि म्हणाला, संपलं. मग जेवताना म्हणाला, आक्काला लिही. मी विचारलं, काय लिहू. म्हणाला, "लिही, पाण्यावाचून वाळलं म्हणून. कुजलं लिहिलं तर म्हणंल, पाणी कुणी दिलं. तुझंच नाव निघंल." माय ताटात भाकरी कुस्करत होती.

तुझं नाव निघंल, एवढ्यावर मी ते वाक्य लिहिलं. त्यानं मारलं नाही, धमकावलं नाही. मी माझं नाव वाचवलं.

त्या वाक्याचा त्याला काय उपयोग होता, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आबांच्या चौदाव्याला हक्कसोडीचा विषय निघाला तेव्हा तू सगळ्या भावकीसमोर म्हणालीस, "रस्त्याकडचे आठ गुंठे आबांनी आम्हा पोरींना तोंडानं दिलेत. ते झाड उभं हाय तोवर मी सही करायची न्हाई. झाड पडलं की मंग बघू." ते शब्द दादानं दोन वर्षं जपून ठेवले. आबांवरही माझा राग आहे, आक्का. दाव्यानं बुंधा मोजायला लावणाऱ्या माणसानं आठ गुंठे कागदावर का घातले नाहीत? पोरींना तोंडानं दिलेलं पोरींच्या तोंडातच राहतं.

आणि तुझ्यावरही राग आहे. तोही लिहिते, कारण लपवला तर हे पत्र अर्धं राहील. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तू पुण्याहून घनसावंगीला आलीस, नोंदणी कार्यालयात सही केलीस, दादानं दिलेली साडी घेतलीस आणि तिथूनच दाजींबरोबर परत गेलीस. माझा त्या दिवशी जालन्याला बी.ए.चा पेपर होता, म्हणून माझी सही राहिली. संध्याकाळी मी मायला विचारलं, आक्का शेतावर गेली का. माय म्हणाली, "न्हाई गेली. म्हणली, मेलेलं बघवायचं न्हाई." अर्ध्या तासाची वाट होती. तू आली असतीस आणि सालीला नख लावलं असतंस तर तुला तिथंच कळलं असतं. आपल्या दोघींनाही न बघताच रडायची घाई झाली.

आता दुसरी दुरुस्ती, आणि ही मोठी आहे. झाड मेलेलं नाही.

अक्षय्य तृतीयेला मी आबांसाठी म्हणून झाडापाशी गेले. नळी मार्चमध्येच काढली होती. पूर्वेची बाजू काळी, पोकळ. सवयीनं पश्चिमेच्या बाजूला नख लावलं तर खाली ओलं हिरवं. मी घरी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खुरपं आणि आबांची कातर घेऊन गेले. कुजलेलं सगळं कोरून काढलं, कठीण लाकूड लागेपर्यंत. चार घमेली निघालं. जखमेला गोवरीची राख आणि हळद चोळली. बुंध्याभोवतीची काळी माती हातभर उकरून मुळांना ऊन दिलं, आणि पाणी साचू नये म्हणून उताराच्या बाजूला चर काढला. तीन आठवडे काही झालं नाही. मी रोज जाऊन फक्त बघत होते, हात लावायची भीती वाटत होती. बावीस मे रोजी पश्चिमेच्या तीन फांद्यांना पालवी फुटली. आज त्या फांद्यांवर पाचपाच बोटांची पानं आहेत. मी मोजली नाहीत, पण मोजण्यापलीकडे आहेत म्हणून नव्हे. मोजता मोजता रडायला येतं म्हणून. बुंधा मोजला. साडेअकरा विती होता, आता नऊ आहे.

तुला या झाडाचा पाला दर भाद्रपदात लागतो. तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला द्यायला गावातल्या बायाही अजून मागायला येतात. परवा सगुणाबाई आल्या होत्या, नातवाचं पोट बिघडलं म्हणून. मी पाला दिला नाही. या वर्षी त्याला एकेक पान स्वतःलाच लागणार आहे. डॉक्टरकडे न्या म्हटलं. त्यांना राग आला, म्हणाल्या, तुझा बाप न मागताही द्यायचा.

दादानं मला राख लावताना पाहिलं. गाडीवरून उतरलाही नाही. म्हणाला, "मेलेल्याला हळद लावून राह्यली का? लग्न लाव मंग त्याच्याशी, माझा खर्चा वाचंल." मी म्हटलं, सालीखाली अजून हिरवं आहे, ये बघायला. तो म्हणाला, "कागदावर मेलंय ते." रस्त्याकडेला गाळे बांधायचे आहेत. जेसीबी सतरा जूनला येणार आहे, कारण त्याच्या आदल्या दिवशी माझी सही होणार असं त्यानं ठरवलंय. माझ्यासाठीही साडी आणून ठेवली आहे, मोरपंखी. माय मला दोनदा म्हणाली, "झाडापायी भावाशी वाकडं घेऊ नको बाई. उद्या सासरी काही झालं तर कोणाच्या दारात उभी राहशील?" मी तिला विचारलं, आबा गेल्यावर तू कोणाच्या दारात उभी आहेस. ती उठून आत गेली. हे मी बोलायला नको होतं, पण बोलले.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन दाजी उचलतात, आणि दाजी नि दादा आठवड्यातून दोनदा बोलतात. म्हणून हे पत्र तुझ्या कॅन्टीनच्या पत्त्यावर, तुझ्याबरोबर काम करणाऱ्या रूपालीच्या नावानं पाठवते. ती ते तुझ्याच हातात देईल.

माफ कर असं लिहीत नाही. त्यासाठी एवढं लिहिलं नसतं. बुधवारी मी जुन्या जालन्यात एका वकीलबाईंकडे गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमच्या बहिणीनं सही केली ती कशाच्या भरवशावर. मी म्हटलं, माझ्या पत्राच्या. त्या म्हणाल्या, खोटं सांगून घेतलेल्या सहीला कोर्टात आव्हान देता येतं, मात्र ते बहिणीनं द्यायचं आणि लवकर द्यायचं. खोटं होतं हे सांगणारं कुणीतरी लागेल, आणि ते लिहून देणारी व्यक्ती तुम्हीच आहात. निकालाची खात्री त्यांनी दिली नाही, मीही तुला देत नाही. दावा लावायचा की नाही ते तू ठरव. माझी साक्ष तुझ्या निर्णयासाठी थांबणार नाही. फेब्रुवारीचं ते पत्र फाडू नकोस, हेही जपून ठेव. दोन्ही माझ्या अक्षरात आहेत, दोन्हींवर तारीख आहे, आणि यातलं कुठलं खरं ते मी सांगणार आहे. वकीलबाई माझं प्रतिज्ञापत्र तयार करून ठेवणार आहेत. माझा हिस्सा मी सोडला नाही तर जेसीबीलाही थांबवायला त्यांना जागा मिळेल. दादा मला ज्या दिवशी सहीसाठी न्यायचं म्हणतोय त्याच दिवशी मी सकाळी सहाच्या गाडीनं एकटीच जालन्याला निघेन आणि त्या प्रतिज्ञापत्रावर सही करेन. माय उठायच्या आत पुस्तकं आणि दोन ड्रेस घेऊन निघावं लागेल, कारण त्यानंतर या घरात मला परत घेतील असं वाटत नाही. तो दिवस सोमवार, १६ जून.

तुझीच,
साधना