हात लावाले कोणी नाही

रविवार, संध्याकाळ

सकाळी भाजीतल्या मिठावरून सासूबाईंचं नि माझं वाजलं, तेव्हापासून अबोला. संध्याकाळी दोघी टीव्हीवर ऑलिम्पिक पाहून राहिलो होतो. वजन उचलाले आपली पोरगी आली. दोनदा तिच्या हातून वजन पडलं. गुडघ्याले तेल चोळता चोळता सासूबाई टीव्हीवरच भडकल्या, "तिघं खुर्चीवर बसून पाहून राहिले, हात लावाले एक उठत नाही! काय माणसं हायेत?"

मले हसू आलं. म्हटलं, "ते पंच आहेत. कोणी हात लावला तर ती बाद होते."

नाही पटलं त्यांना. मी तरी काहून समजवाले गेली? जन्मभर सौंसरच्या शेतांत कापूस वेचला त्यांनी. गाठोडं डोक्यावर घेताना शेजारची बाई हात लावतेच, भांडण असलं तरी.

तिसऱ्यांदा पोरीनं उचललं. मी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "एकटीनंच उचललं बिचारीनं."

मग मी पाण्याचा भरलेला पितळी गुंड खालून उचलून ओट्यावर ठेवाले वाकली. रोज एकटीच ठेवते. आज दुसऱ्या बाजूनं त्यांचा हात आला. तेलानं नुसता घसरून राहिला होता. एकटीले सोपं गेलं असतं.

पण म्हटलं नाही.