भिंतीच्या शेवटी बसणारी

आई, जिवंत होतात तेव्हा कधी सासूबाई म्हटलं नाही, म्हणून आताही आईच लिहितेय. नातीच्या चित्रांच्या वहीतलं पान आहे, अक्षर वाकडं, मी चौथीपर्यंतचीच ते तुम्हाला ठाऊक आहे. काशीगावच्या घरातली आपली माकडीण आठवतेय. सिल्व्हर पार्कच्या इमारती तेव्हा नुकत्या उठत होत्या. हायवेवर तिची आई गाडीखाली आली आणि तुम्ही ते पिल्लू पदरात घालून आणलंत. कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून चोखायला द्यायचात. दूध तुमचं, लाड माझे. मांडीवर घेऊन, डोळ्यात डोळे घालून मी तिच्याशी तासन्‌तास बोलायचे. हुशार किती, डब्याचं झाकण फिरवून शेंगदाणे काढायची. डोंगरावरची टोळी मागच्या भिंतीवर आली की तुम्ही म्हणायचात, "सोड तिला त्यांच्यात. तुझ्या मांडीवर म्हातारी करायची हाय का?" मी म्हणायचे, लहान आहे अजून. वर्षभर लहानच म्हणत राहिले.

मग सोडली. टोळीतल्या थोरल्या माकडिणीची लेक तिच्याच वयाची, अंगाने बारकी, पण आईच्या पाठीवर बसून सगळं शिकलेली. ती मागच्या पेरूच्या झाडाकडे आली की दांडगी माकडंही सरकायची. आपली मात्र कुणाकडेही टक लावून बघायची, माझ्याकडे बघायची तशी. त्यांच्यात टक लावणं म्हणजे भांडण काढणं, हे मला कुठे माहीत? चावून घ्यायची बिचारी. टोळीत राहिली, पण भिंतीच्या शेवटी. सगळ्यांचं खाऊन झालं की उरलेल्या सालींवर. तुम्ही मला बोलला नाहीत. चहा पुढे ठेवून म्हणालात, "जगली ना, बास." बोलला असतात तर बरं झालं असतं.

आता नात तीन वर्षांची. सून ऑफिसला जाते, पोर दिवसभर माझ्या मांडीवर. गुजराती शेजारीण म्हणाली, "आजी, इसको बालवाडी में डालो, ये तो बच्चों से डरती है." राग आला मला. भाजी चिरताना मग ती भिंतच दिसायला लागली. आज मीच घेऊन गेले. आधी रडली. एका पोराने तिची खेळण्यातली बादली ओढली, तिने वळून माझ्याकडे बघितलं, आणि आई, मी दाराआड झाले. फटीतून बघते तर बादली हिच्याच हातात, आणि त्या पोराला सांगतेय, "लाइन में आ." घरी येताना मी एकटीच हसत होते, भाजीवाला बघत राहिला.

एक सांगायचं राहिलं. बालवाडीसाठी सून तीन आठवडे मागे लागली होती आणि मी रोज सांगायचे, पोरीला खोकला आहे. खोकला नव्हता, आई. तिला काही हे सांगायची नाही मी.