अण्णांचा शब्दकोश आणि दोन कुलपं

४ जून २००६, रवि.
सटाण्याहून अण्णांचा फोन. त्यांच्या अहिराणी शब्दकोशाची ई-आवृत्ती आली, सीडीवर. शेजारच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये लावून पाहिली. उघडेना. तीस वर्षं गावोगाव फिरून शब्द जमवले माझ्या बापाने, आणि सीडी म्हणते आधी नोंदणी करा.

७ जून, बुध.
सीडी काढणाऱ्या कंपनीला फोन. बाई नम्र होत्या. नोंदणी केली की एक सीडी त्या एकाच मशीनवर चालणार, चोरी होऊ नये म्हणून; आणि अण्णांकडे स्वतःचं मशीनच नाही. अण्णांना तसं कळवलं. म्हणाले, "मन्हं पुस्तक शे, आनि मालेच उघडत नही?"
चक्क अहिराणीत! एरवी माझ्याशी मास्तरी, शुद्ध मराठीत बोलतात.

८ जून
करार वाचला. कंपनीचा हक्क सीडीपुरता. मजकूर अण्णांचाच. आणि तो ९७ साली मीच टाइप केलाय, द्वारका चौकातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात. फाइल सापडली! पण जुन्या फॉन्टातली. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. म्हणजे नऊ वर्षं मीही कुलूपच लावून बसले होते. नकळत, पण...

१९ जून, सोम.
सगळं युनिकोडमध्ये आणतेय, कुठल्याही मशीनवर वाचता येईल असं. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, रफार भलतीकडे. मॅक्रो चौथ्यांदा लिहिला. ह्यांचं म्हणणं, तयार सॉफ्टवेअर घे. घेऊन पाहिलं, चुका तेवढ्याच. पान न् पान स्वतः तपासणार.

२ जुलै, रवि.
सटाणा. साधी वेबपानाची फाइल नेली. क्लासच्या मशीनवर सरळ उघडली. पासवर्ड नाही, फॉन्ट टाकायची कटकट नाही. अण्णांनी एका बोटाने शोधायला शब्द टाइप केला : आंडेर. लगेच समोर आला. अर्थ : मुलगी.
क्लासवाल्या सरांकडे वळून म्हणाले, "हाई मन्ही आंडेर शे."
बास. एवढंच.

१४ जुलै, शुक्र.
फाइल मागेल त्याला देणार असं कंपनीला कळवलं होतं; त्यांचं पत्र आलं. फाइल फुकट वाटलीत तर आमची सीडी कोण घेईल? खोटं नाही. बाकी सगळ्या प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत पाठवलं होतं, घेतलं यांनीच. अण्णा म्हणतात, शब्द लोकांनी दिले, लोकांकडे जाऊ दे.
मालेगावच्या एका शिक्षिकेने फाइल मागितली होती. सकाळी पाठवली.
कंपनीला उत्तर लिहायला बसलेय. 'स. न. वि. वि.' झालं. पुढे...