पहिला कप

सुरभी,

तुमचा आइस हॉकी संघ लागोपाठ नऊ सामने हरला तेव्हा तू कॅनडाहून फोन केलास. "आत्या, बर्फावर उतराचं मनच नाही होऊन राह्यलं. सगळ्या गोलकीपरवर चिडल्या. कॅप्टन म्हणून काय करू?" मी शहाणी म्हणाले, "चार दिवस तिच्याशी कुणी बोलू नका." आज तुझा मेसेज आला, ती उद्या संघ सोडते आहे.

यवतमाळच्या आमच्या हॉकी संघात हरल्यावर पहिला चहा कॅप्टनने गोलकीपरला द्यायची रीत होती. एक फायनल हरल्यावर तो कप मी आमच्या गोलकीपरसमोर, राजूरच्या प्रभावतीसमोर, स्वतः प्यायले. ती म्हणाली, "मी एकटीच हरली काय वो, कॅप्टन?" कॉन्व्हेंटच्या फाडफाड इंग्रजीत मी तिला गप्प केलं. ती पुन्हा मैदानावर आली नाही आणि वर्षभरात संघ मोडला. तुला मात्र सांगत आले, पोरींमध्ये दम नव्हता.

हे पत्र पोचेपर्यंत तुमची गोलकीपर गेलेली असेल. सकाळपासून तीनदा फोन लावला, पण तुझा आवाज ऐकला की "जेवलीस का?" एवढंच विचारून ठेवते. आता चौथ्यांदा लावते. मला जेवणाचं विचारू देऊ नकोस.

तुझी खोटारडी आत्या,
कोकिळा